मुका मार आणि ऑक्सिजनची टाकी

गेल्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर एक माउली आमच्याजवळ आली. चार महिन्यांपूर्वी तिचा मुलगा मोटारसायकलवरून पडला. स्कॅनमध्ये काही दिसत नाही. पण डोके दुखते, चक्कर येते, वाचलेले ध्यानात राहात नाही. कोणी सांगितले, बंद टाकीत बसवून दाबाने ऑक्सिजन दिला की मेंदू पूर्ववत होतो. त्यासाठी ती हातातल्या पाटल्या मोडायला निघाली होती!

टाकी खोटी नाही. वाढलेल्या दाबाखाली रक्तात ऑक्सिजन अधिक विरघळतो. खोल पाण्यातून झटकन वर आलेले पाणबुडे, कोळशाच्या धुराने गुदमरलेले लोक, मधुमेहाच्या काही चिघळलेल्या जखमा यांसाठी हा उपचार मान्य आहे. प्रश्न आहे तो डोक्याच्या मुक्या माराचा.

इराक व अफगाणिस्तानच्या युद्धांत असा मार लागलेल्या सैनिकांवर अमेरिकेने याची परीक्षा घेतली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७२ सैनिकांचे तीन गट होते. एकाला नेहमीचेच उपचार. दुसऱ्याला टाकीत दीडपट दाबाने ऑक्सिजन, ४० वेळा. तिसऱ्यालाही टाकीतच ४० वेळा बसवले, पण किंचित दाबाची साधी हवा दिली. आपल्याला काय मिळते हे टाकीतल्यांना ठाऊक नव्हते. टाकीतले दोन्ही गट सुधारले, मात्र ऑक्सिजनवाले हवावाल्यांच्या पुढे गेले नाहीत! टाकीचे समर्थक म्हणतात, थोडा दाबही औषधच. आम्हांस वाटते, रोज कोणी आस्थेने बोलावतो, विचारपूस करतो, त्याचाही गुण येतोच. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मेंदूच्या इजेसाठी ही टाकी सिद्ध झालेली नाही, असा इशारा ग्राहकांना दिला होता. शिवाय दाबाने कानाला इजा होऊ शकते, क्वचित झटकेही येतात.

कोणी सांगितले म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले, ते आपण विहारात ऐकतो आणि दवाखान्याच्या दारात विसरतो.

आम्ही माउलीला मेंदूविकार तज्ज्ञाकडे सरकारी रुग्णालयात धाडले. तिथे मानेचे व तोल सावरण्याचे व्यायाम, झोपेची वेळ आणि अभ्यास थोडा थोडा वाढवण्याचे वेळापत्रक मिळाले. उलट्या वाढल्या, गुंगी आली, हातपाय लुळे पडले तर तत्काळ आणा, असेही बजावले.

परवा ती पुन्हा भेटली. मुलगा आता अर्धा तास सलग वाचतो, डोके अजून दुखतेच. पाटल्या हातात होत्या.