कोकणच्या वाडीतील सर्प

1862 सालच्या डिसेंबरात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांचा नायनाट करण्याच्या हेतूने सरकारने मारलेल्या प्रत्येक फुरशामागे बक्षीस लावले असता, अवघ्या आठ दिवसांत एक लक्षाहून अधिक फुरशी सरकारदरबारी जमा झाली, असा दाखला सर्पशास्त्राच्या जुन्या ग्रंथांतून दिलेला आढळतो. एवढा प्रचंड संहार होऊनही त्याच जिल्ह्यातील कातळसड्यांवर, कलमांखाली साचलेल्या पातेऱ्यात आणि चिऱ्याधोंड्यांच्या गडग्यांत फुरसे आजही सुखेनैव नांदत आहे. आणि सापाचा बंदोबस्त काठीने होत असता तर तो त्याच वर्षी होऊन गेला असता, असे मला हा आकडा वाचताना दर वेळी वाटते.

फुरसे म्हणजे जेमतेम दीड-दोन वितींचे, जांभ्या दगडाच्या मातीशी रंगाने एकरूप झालेले जनावर. दिवसा ते दगडाखाली पडून राहते, रात्री विंचू, पाली, बेडूक, उंदरांची पिले यांच्या शोधात बाहेर पडते, आणि कोणी जवळ आल्याची चाहूल लागताच अंगाचे वेढे एकमेकांवर घासून, कुशीवरच्या दातेरी खवल्यांचा खरखर असा आवाज करीत आपल्या अस्तित्वाची आगाऊ सूचना देते. ही सूचना ज्याने ऐकली आणि जो जागच्या जागी थांबला त्याला सहसा भय नाही. भय आहे ते गडग्याचा ढासळलेला दगड उघड्या हाताने उचलणाऱ्या गड्याला आणि पातेरा गोळा करण्यासाठी वाकलेल्या बाईला. कारण तिथे सूचना देण्याइतका अवसर त्या जीवालाही मिळत नाही.

साप वाडीत येतो तो माणसाच्या द्वेषाने नव्हे, हे आपण मनाशी पक्के केले पाहिजे. अंगणातल्या भाताच्या उडव्याला उंदीर लागतात, गोठ्यालगत रचलेली लाकडे आणि नारळाच्या सोडणांचे ढीग त्या उंदरांना आसरा देतात, न्हाणीच्या पाण्यावर बेडूक जमतात, आणि या सर्वांच्या मागोमाग, ज्याचा आहारच तो आहे असा प्राणी येतो. अशा वेळी दृष्टीस पडणारा लांबलचक, चपळ सर्प बहुतेकदा धामण असतो. ती बिनविषारी आहे, उंदरांची कर्दनकाळ आहे, आणि तरीही केवळ नागाच्या संशयावरून तिच्या वाट्याला जितका मार येतो तितका क्वचितच दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येत असेल. धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते ही समजूत तर सर्वस्वी निराधार आहे. तिच्या मुखात चोखून पिण्यासारखी रचनाच नाही, आणि आत वळलेल्या तीक्ष्ण दातांच्या रांगा आचळाला लागल्यावर कोणती गाय शांत उभी राहील, याचा विचार गोठ्यात वावरणाऱ्या माणसाने तरी करावयास हवा.

घोणस आपल्या अंगावरील साखळीसारख्या ठिपक्यांमुळे आणि दूरवर ऐकू जाणाऱ्या फूत्कारामुळे ओळखता येते, नाग फणा काढून स्वतःची ओळख पटवितो. परंतु मण्यार मात्र काहीच सांगत नाही. निळसर काळ्या, तकतकीत अंगावर पांढऱ्या पातळ रेषांच्या जोड्या मिरविणारा हा सर्प रात्री घरात शिरतो, जमिनीवर अंथरूण टाकून निजलेल्या माणसाला झोपेत दंश करतो, आणि तो दंश इतका सौम्य असतो की कित्येकदा जागही येत नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या उचलेनाशा होतात, शब्द अडखळतो, आणि घरची मंडळी अपचनाचा काढा देत बसतात. कवड्या हा निरुपद्रवी साप मण्यारीशी इतका मिळताजुळता असतो की दोघांची गफलत नित्याची आहे. कवड्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असून शेपटीकडे पुसट होत जातात, तर मण्यारीच्या रेषा मानेजवळ अस्पष्ट वा नाहीशा असून शेपटीकडे उठून दिसतात. हा भेद ध्यानी ठेवावा, पण बत्तीच्या प्रकाशात त्याची परीक्षा पाहू नये. सर्पमित्रास बोलावून दूर उभे राहावे. खाटेवर निजणे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचणे, एवढी तजवीज मण्यारीपासून जितके रक्षण करते तितके घरातली काठी करीत नाही.

या विषयाची कळकळ वाटण्याचे कारण उघड आहे. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासानुसार 2000 ते 2019 या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लक्ष माणसे दगावली, म्हणजे दर साल सुमारे अठ्ठावन्न हजार. त्यांतील बहुसंख्य खेड्यापाड्यांतील होती, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांतले होते. चिखलात उभे राहून लावणी करणारी, अंधारात पाणंदीने घरी परतणारी ही माणसे. त्यांच्या हाती विजेरी आणि पायांत बूट असते तर यांतील कित्येक वाचली असती.

पान लागलेच, तर दंशाची जागा कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये; मांत्रिकाकडे नेण्यात घटका दवडू नये. हात किंवा पाय फळीच्या आधाराने अचल ठेवून, रोग्यास चालू न देता, इस्पितळाची वाट धरावी. घोड्यांना विषाच्या लहान मात्रा क्रमाक्रमाने टोचून त्यांच्या रक्तातून तयार केलेले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही चालते, त्यामुळे साप मारून बरोबर नेण्याचे प्रयोजन उरत नाही. घोणशीचे किंवा फुरशाचे विष भिनले आहे काय हे पाहण्यासाठी डॉक्टर रोग्याचे थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत वीस मिनिटे स्थिर ठेवतात. ते गोठले नाही तर विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती हिरावली आहे असे समजतात, आणि उपचार तत्काळ सुरू होतो. आपल्या तालुक्याच्या कोणत्या रुग्णालयात प्रतिविषाचा साठा आहे आणि रात्री-अपरात्री तिथवर कोणाची गाडी मिळेल, याची चौकशी प्रत्येक वाडीने मृगापूर्वीच करून ठेवावी.