बर्मिंगहॅमची ल्यूनर सोसायटी : मित्रमंडळ आणि शास्त्रीय संशोधन

शास्त्रीय संशोधनाचा इतिहास सामान्यतः विद्यापीठे, अकादमी आणि राजमान्य संस्था यांच्या आधारे लिहिला जातो. अशा संस्थांची इतिवृत्ते व शोधनिबंध उपलब्ध असल्यामुळे इतिहासकाराचे काम सुकर होते. परंतु ज्या मंडळाने सनद घेतली नाही, नियमावली केली नाही आणि बैठकींचे इतिवृत्तही ठेवले नाही, त्याच्या कार्याचे मोल कसे ठरवावयाचे? अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडच्या मध्यभागातील बर्मिंगहॅम शहराच्या परिसरात नांदलेली ल्यूनर सोसायटी या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

या मंडळाच्या नावात गूढ असे काही नाही. बैठकी पौर्णिमेच्या आसपास भरत. कारण रस्त्यांवर दिवे नसलेल्या त्या काळी चांदण्यात घोड्यावरून अथवा गाडीतून घरी परतणे सोयीचे होते. निरनिराळ्या काळी मिळून सुमारे चौदा जणांचा या मंडळात समावेश होतो. मॅथ्यू बोल्टन हा धातूच्या वस्तूंचा कारखानदार, जेम्स वॅट हा ग्लासगोहून आलेला उपकरणे बनविणारा कारागीर, इरॅस्मस डार्विन व विल्यम विदरिंग हे वैद्य, जोसाया वेजवुड हा कुंभकामाचा कारखानदार, जॉन व्हाइटहर्स्ट हा घड्याळजी, जेम्स कीर हा रसायनज्ञ, तर जोसेफ प्रीस्टली हा धर्मोपदेशक. या सर्वांना जोडणारा दुवा म्हणजे डॉ. विल्यम स्मॉल होय. व्हर्जिनियातील महाविद्यालयात अध्यापन केल्यानंतर १७६५ साली तो बेंजामिन फ्रँकलिनचे परिचयपत्र घेऊन बोल्टनकडे आला. एका व्यवसायात उद्भवलेल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या व्यवसायातील माणसाच्या हाती असू शकते, हा या मंडळाच्या इतिहासातून निघणारा मुख्य निष्कर्ष आहे.

वाफेच्या यंत्राचे उदाहरण घेतल्यास हे स्पष्ट होईल. न्यूकमेनच्या यंत्रात सिलिंडरमध्ये वाफ भरून तिच्यावर थंड पाण्याचा फवारा सोडीत. वाफ निवून पोकळी निर्माण होई आणि वातावरणाच्या दाबाने दट्ट्या खाली येई. परंतु प्रत्येक खेपेस सिलिंडरही थंड होत असल्यामुळे तो पुन्हा तापविण्यातच बरीचशी वाफ खर्ची पडे. ग्लासगो विद्यापीठातील अशा यंत्राची प्रतिकृती दुरुस्त करीत असता हा अपव्यय वॅटच्या लक्षात आला. सिलिंडर सदैव तप्त ठेवून वाफ वेगळ्या, थंड पात्रात निववावी, ही कल्पना त्यास १७६५ साली सुचली आणि १७६९ साली तिचे पेटंट मिळाले.

तथापि तत्त्व गवसले म्हणजे यंत्र सिद्ध झाले असे नव्हे. दट्ट्या व सिलिंडर यांमधील फटीतून वाफ निसटत असे, आणि पुरेसा अचूक सिलिंडर कोठेही तयार होत नव्हता. या काळात स्मॉलने पत्रांद्वारे वॅटला सतत उत्तेजन दिले. १७७४ साली वॅट बर्मिंगहॅमला येऊन राहिला. त्याच सुमारास जॉन विल्किन्सन या लोखंडाच्या कारखानदाराने तोफा कोरण्याची नवी रीत काढली होती. पुढे मंडळात आलेल्या प्रीस्टलीचा तो मेहुणा. त्याच्याकडे कोरलेल्या सिलिंडरने अडचण दूर झाली आणि १७७६ साली वॅटची यंत्रे प्रत्यक्ष कामास लागली. स्मॉल मात्र हे यश पाहावयास उरला नव्हता. त्याचा मृत्यू १७७५ साली झाला. पुढे बोल्टनने आपल्या सोहो येथील टांकसाळीत हीच शक्ती वापरली, आणि मुंबई इलाख्याची १७९१ सालची तांब्याची नाणी तेथेच पाडण्यात आली.

दुसरे उदाहरण वेजवुडचे. भट्टीतील तीव्र उष्णता मोजण्यास साधा पारा निरुपयोगी ठरतो. तो उकळून जातो. माती तापविली असता आकसते, हे कुंभाराचे नित्याचे ज्ञान उपयोगात आणून वेजवुडने १७८२ साली उष्णतामापक सिद्ध केला. मातीचा ठराविक आकाराचा तुकडा भट्टीत ठेवून नंतर निमुळत्या खाचेत सरकवावयाचा. तो जितका आत जाईल तितकी उष्णता अधिक. त्याने काढलेले अंश वास्तवापेक्षा फारच मोठे होते, हे पुढे सिद्ध झाले. परंतु दोन भट्ट्यांची तुलना करण्याचे साधन त्यामुळे हाती आले. उलटपक्षी, प्रीस्टलीच्या वायुविषयक प्रयोगांना लागणारी मातीची बकपात्रे, नळ्या व खल वेजवुडच्या कारखान्यातून जात.

तथापि मैत्रीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. पाणी हे मूलतत्त्व नसून संयुग आहे, असा विचार १७८३ साली वॅटने मांडला खरा, परंतु तो फ्लॉजिस्टनच्या परिभाषेत. प्रीस्टलीने तर १८०४ साली मृत्यू येईपर्यंत ती उपपत्ती सोडली नाही. ज्वलनाचा उलगडा पॅरिसमध्ये लाव्हॉझियेच्या काटेकोर तोलमापाने झाला. केवळ संभाषणाने तो होण्यासारखा नव्हता. श्रेयाचा प्रश्नही होताच. शरीरात पाणी साठण्याच्या विकारावर फॉक्सग्लोव्ह ही वनस्पती कशी व किती द्यावी, याचा विदरिंगने अनेक वर्षे अभ्यास करून १७८५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच वर्षी डार्विननेही विदरिंगचा उल्लेख न करता त्याच विषयावर लेख छापला आणि दोघांत कायमचे वितुष्ट आले. बैठकीतील बोलणे मोकळे असले, तरी वॅटचे पेटंट १८०० सालापर्यंत वाढवून घेण्यात आले होते, ही गोष्टही विसरून चालणार नाही.

मंडळावर खरा आघात बाहेरून झाला. फ्रान्समधील बास्तीच्या पाडावाचा दुसरा वर्धापनदिन १४ जुलै १७९१ रोजी बर्मिंगहॅममध्ये साजरा होत असता दंगल उसळली. जमावाने प्रीस्टलीचे घर, ग्रंथालय व प्रयोगशाळा यांचा विध्वंस केला. तो प्रथम लंडनला व १७९४ साली अमेरिकेस निघून गेला. वृद्ध सभासद एकेक करून गेले, आणि त्यांची जागा घेणारी पिढी तयार झाली नाही. कारण मंडळ म्हणजे ती माणसेच होती. १८१३ साली मंडळाच्या मालकीचे शास्त्रीय ग्रंथ चिठ्ठ्या टाकून देण्यात आले व ते सॅम्युएल गॅल्टन या सभासदाकडे गेले.

संस्थेला सातत्य असते, तर मित्रमंडळास गती असते. सनद, इतिवृत्त आणि परीक्षण यांमुळे ज्ञान टिकते व तपासले जाते. परंतु कुंभाराचा प्रश्न रसायनज्ञाच्या कानी पडावा, अशी तरतूद कोणत्याही नियमावलीत सहसा आढळत नाही. ल्यूनर सोसायटीचे कार्यवृत्त असे उपलब्ध नाही. ते सभासदांच्या पत्रव्यवहारात, वॅटच्या सिलिंडरात आणि प्रीस्टलीच्या बकपात्रात विखुरलेले आहे, आणि संशोधकास ते तेथूनच गोळा करावे लागते.