होडीच्या खड्ड्यात काय भरायचे?

१ जूनला मासेमारीची बंदी लागते आणि ३१ जुलैपर्यंतचे ते ६१ दिवस वेसावे, मढ, गोराईच्या किनाऱ्यावर दुरुस्तीचे असतात. बोटी वर ओढून शाकारलेल्या, ओट्यांवर जाळी विणायला काढलेली आणि ताडपत्रीखाली ग्राइंडरची घरघर. मरोळच्या एमआयडीसीत फायबरच्या टाक्या बनवण्यात माझी सगळी नोकरी झाली. आता या दिवसांत ओळखीचे नाखवा बोट दाखवायला बोलावतात आणि विचारतात, "काका, यात काय भरू?"

मी उलट विचारतो, "खड्डा पाण्याच्या वर आहे की खाली? आणि तिथे जोर येतो का?" ही दोन उत्तरे मिळाली की निम्मे काम झाले.

मढच्या एका लहान होडीचा तळ मी असाच तपासत होतो. वरचा रंग गुळगुळीत. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हळूहळू ठोकत गेलो. टणटण वाजणारा तळ एके ठिकाणी हातभर जागेत बद्द वाजू लागला. टोक घालून उकरले तर आतून राखाडी पुट्टीचा ओला चुरा निघाला. त्याखाली काचेचे धागे पांढरे पडून मोकळे झालेले. भरणाऱ्याचा हात चांगला होता, घासकाम तर सुरेख होते. पण वापरलेली पुट्टी मोटारगाडीच्या पत्र्याची होती.

त्या पुट्टीत पॉलिएस्टर रेझिनमध्ये शंखजिऱ्याची पूड कालवलेली असते. ती स्वस्त, तासाभरात घासता येते, म्हणून गॅरेजवाल्यांची लाडकी. पण शंखजिरे ओलावा धरते. गाडी पावसात भिजते आणि वाळते. होडीचा तळ मात्र दिवसचे दिवस खाऱ्या पाण्यात असतो. पाणी पुट्टीत मुरते आणि तिची पकड सुटते. केबिनच्या बाजूला एखादा टवका उडाला असेल तर ही पुट्टी भरून वर रंग द्यायला माझी हरकत नाही. पाण्याखाली मात्र ती अजिबात नको.

फायबरची होडी म्हणजे काचेच्या धाग्यांची मॅट आणि तिला धरून ठेवणारे रेझिन. ताकद येते ती काचेतून. अमेरिकेत ओहायोतल्या रे ग्रीन यांनी १९४२मध्ये अशी होडी बनवली. आपल्या देशात २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर फायबरच्या होड्या झपाट्याने वाढल्या. लाकडी होडीच्या फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठासून राळ-तेल लावणाऱ्या पिढीला गळती कशी थांबवायची हे पक्के ठाऊक होते. फायबरमध्ये गळतीबरोबर तुटलेला धागाही पाहावा लागतो. भेग आरपार गेली असेल तर कुठलीच पुट्टी पुरणार नाही. तिथे कडा तिरप्या घासून नवी मॅट चढवावी लागते. तिरपेपणाचा हिशेब एकास बारा: तळ ५ मिलिमीटर जाड असेल तर भेगेच्या दोन्ही बाजूंना ६० मिलिमीटर घासायचे. एवढी चांगली जागा घासून काढायला नाखवांच्या जिवावर येते, ते मला समजते. पण नव्या थराला धरायला तेवढी जागा लागतेच.

मॅट बसल्यावर पुट्टीची पाळी येते, आणि तिचे रेझिन आधी ठरवावे. पॉलिएस्टर स्वस्त आणि बहुतेक होड्या त्याच्याच. दुरुस्तीत मात्र जुन्या, कडक झालेल्या पॉलिएस्टरवर इपॉक्सी जास्त घट्ट बसते. पाणीही कमी शोषते. घरातले अॅराल्डाइट किंवा नळाच्या सांध्याला लावतो ते एमसील, दोन्ही इपॉक्सीच. म्हणून पाण्याखालच्या कामाला मी इपॉक्सी सांगतो. मात्र इपॉक्सीवर पुन्हा पॉलिएस्टरचा जेलकोट, म्हणजे होडीचा वरचा चकचकीत थर, नीट धरत नाही आणि उघडी इपॉक्सी उन्हाने खराब होते. तेव्हा वर चांगला पॉलियुरेथेन रंग द्यायचा, हे आधीच धरून चालावे.

आता पूड. दुकानात दोन पांढऱ्या, पिसासारख्या हलक्या पुडी मिळतात आणि दिसायला सारख्याच. एक कोलॉइडल सिलिका. ती घातली की रेझिन उभ्या भिंतीवरूनही ओघळत नाही आणि वाळल्यावर इतके कडक होते की घासताना घाम निघतो. दुसरी मायक्रोबलून, म्हणजे काचेचे डोळ्यांना न दिसणारे पोकळ गोळे. त्यांची पुट्टी हलकी होते आणि सहज घासली जाते, पण दाबाला कमजोर. बोल्ट, कडी किंवा इंजिनाचा पाया जिथे बसतो तिथे सिलिका आणि बारीक कापलेला काचधागा. नुसता आकार सारखा करायचा असेल तिथे मायक्रोबलून, आणि पाण्याखाली असेल तर त्यावर साध्या इपॉक्सीचे दोन-तीन हात. मी बहुधा दोन्ही पुडी मिसळतो. श्रीखंडाइतके घट्ट झाले की पुरे. खोल खड्डा एका दमात भरू नये. इपॉक्सीचा जाड गोळा स्वतःच्या उष्णतेने तापून तडकतो.

हार्डनरच्या बाबतीत दोन्ही रेझिनांची रीत वेगळी आहे. पॉलिएस्टरला १०० ग्रॅममागे एक ते दोन ग्रॅम, हवामान पाहून थोडे कमीजास्त चालते. इपॉक्सीत डब्यावरचे प्रमाण म्हणजे प्रमाण. जास्त हार्डनर घातल्याने ती लवकर वाळत नाही, कायमची चिकट राहते. आणि जिवाची गोष्ट सांगतो: पॉलिएस्टर लवकर वाळवणारे कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नका, भडका उडतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे, हार्डनर नंतर. त्या हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा लावा, घासताना मास्क बांधा. उघड्या तोंडाने काचेची धूळ खाणारी पोरे पाहिली की मला फार त्रास होतो.

आपल्याकडची खरी अडचण पावसाची. बंदी जून-जुलैत, आणि हवा तेव्हाच सर्वांत दमट. जागा उघडी केली की आधी गोड्या पाण्याने धुवा, कारण आत राहिलेले मीठ ओल ओढत राहते. मग छपराखाली पंखा लावून वाळवा. रात्री त्यावर प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवून ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले तर ओल शिल्लक आहे, थांबा. दमट हवेत इपॉक्सीवर तेलकट साय येते. ती पाण्याने चोळून धुतल्याशिवाय पुढचा हात दिला तर तो सुटतो.

वाळायला आठवडे लागतात, म्हणून सगळ्या नाखवांना माझी विनंती आहे: बोट वर ओढली की पहिल्याच आठवड्यात तळ ठोकून पाहा आणि बद्द वाजणारी जागा उघडी करा. भरायचे काम जुलैत करता येईल. वाळवायचे काम जुलैअखेर सुरू केले तर नारळी पौर्णिमेला होडी ओल्या तळानेच पाण्यात जाईल.