दुखणे खरे, साक्ष पायाची

'सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत,' असे डॉक्टर सांगतात तेव्हा घरच्यांना हायसे वाटते. पण जिचे अंग वर्षानुवर्षे ठणकते आहे, तिचा जीव कासावीस होतो. रक्त ठीक, एक्स-रे ठीक. मग दुखते ते काय? 'मनाचे खेळ' हा शिक्का बसायला वेळ लागत नाही.

फायब्रोमायाल्जिया हे या दुखण्याचे नाव. रुग्णांत स्त्रियाच अधिक. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने १९९० साली त्याचे निकष ठरवले. त्यांनुसार अंगभर दुखणे किमान तीन महिन्यांचे हवे होते आणि दाबून पाहिलेल्या १८ ठरावीक जागांपैकी निदान ११ दुखायला हव्या होत्या. पण 'दुखते' हे सांगणार कोण? रोगीच! ज्याच्या शब्दावर कुणाचा विश्वास नाही, त्याचीच साक्ष.

या कोंडीत एक प्रतिक्षिप्त क्रिया मदतीला आली. काटा रुतताच पाय आपोआप मागे येतो. हा हुकूम पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूच देतो. चाचणीत घोट्यामागच्या मज्जातंतूला विजेचे सौम्य झटके देतात आणि मांडीच्या मागचा स्नायू किती प्रवाहाला आक्रसतो, हे नोंदवतात. प्रतिसाद सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात उमटतो. ठरवून पाय हलवायला याहून जास्त वेळ लागतो. सोंगाला इथे फारसा वाव नाही.

स्वित्झर्लंडमध्ये, २००३ साली जिनिव्हात आणि २००४ साली बर्नमध्ये, संशोधकांनी हेच करून पाहिले. निरोगी माणसांपेक्षा कमी प्रवाहालाच या रुग्णांचा स्नायू आक्रसत होता. इजेनंतर मज्जारज्जू अतिसंवेदनशील होऊ शकतो, हे क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवलेच होते. कुजबुजही आरोळीसारखी ऐकू यावी, तसे काहीसे.

अर्थात ही चाचणी निदानाची नव्हे. निरोगी आणि रुग्ण यांचे आकडे बरेचदा एकमेकांत मिसळतात. ताण आणि भीती यांचाही त्यांवर परिणाम होतो. म्हणून तिचे स्थान मुख्यतः संशोधनातच आहे. उपचार म्हणजे बेताबेताने वाढवलेला व्यायाम, पुरेशी झोप आणि गरजेनुसार औषधे.

आणि त्याआधी, घरातला एक शब्द. 'कुठे काय झालंय तुला?' याऐवजी 'आज फार दुखतंय का गं?' एवढे विचारले तरी पुष्कळ. त्याला कुठलेही यंत्र लागत नाही.