पुन्हा तोंडाने घास

घास घ्यावा, चावावा आणि गिळावा, यात शिकण्यासारखे काही आहे असे कोणाला वाटत नाही. तान्हे मूलही जन्मतःच दूध गिळते. परंतु घशाचा वा जिभेचा कर्करोग ज्याला होऊन गेला, त्याला हेच काम साठीच्या घरात पहिल्यापासून शिकावे लागते. तंबाखू, मिश्री आणि सुपारी यांच्या पायी आपल्याकडे तोंडाचा कर्करोग इतका आढळतो की, हा विषय दूरचा आहे असे आम्हांस म्हणवत नाही.

प्रथम गिळणे म्हणजे काय ते पाहू. घशात श्वासाची आणि अन्नाची वाट काही अंतर एकच असते. पुढे तिला दोन फाटे फुटतात. घास मागे गेला की श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचलले जाते, स्वररज्जू मिटतात, वरून झाकण पडते आणि अन्ननलिकेचे मिटलेले तोंड उघडते. हा सारा व्यवहार सुमारे एका सेकंदात उरकतो. कंठमण्यावर बोट ठेवून आवंढा गिळून पाहावा, म्हणजे त्याचे वर जाणे बोटाला कळेल.

शस्त्रक्रियेत जिभेचा मोठा भाग गेला, तर घास मागे लोटणारा हातच गेला म्हणायचा. किरणोपचार बहुधा सहा-सात आठवडे, आठवड्यातून पाच दिवस चालतात. त्यांनी रोगाचा नाश होतो, पण तोंड सोलवटते, लाळ आटते, चव जाते. पुढे काही महिन्यांनी, कधी वर्षांनीही, घशाचे स्नायू आखडतात आणि जबडा उघडेनासा होतो. तोवर नाकातून जठरात सोडलेल्या नळीने पोषण चालते. दीर्घकाळ लागणार असेल तर नळी थेट पोटावर बसवतात; पोट न उघडता, दुर्बिणीच्या साहाय्याने ती बसवण्याची रीत १९८० साली अमेरिकेतील गॉडरर आणि पोन्स्की यांनी प्रसिद्ध केली.

नळी लागली म्हणजे सारे संपले, असा समज घरोघरी असतो. तो चुकीचा आहे. पण नळीने पोट भरते म्हणून गिळणेच सोडून देणे हीही तितकीच मोठी चूक. न वापरलेला स्नायू दुबळा होतो. म्हणूनच हल्ली, जेथे धोका नसेल तेथे, उपचार चालू असतानाच गिळण्याचे व्यायाम करवून घेतात.

आमच्या परिचयाचे एक निवृत्त गुरुजी आहेत. नळी लागून तीन महिने झाले होते तेव्हा आम्ही भेटीस गेलो. त्यांनी पाटीवर लिहून दाखवले, "अर्धा कप चहा." सूनबाई म्हणाल्या, "भात नको म्हणतात डॉक्टर, पण चहाला काय हरकत? तो तर आपोआप उतरेल." आम्हांलाही ते पटले होते, हे कबूल केले पाहिजे. वस्तुस्थिती उलट आहे. पाणी, चहा यांसारखे पातळ पदार्थच पुष्कळदा सर्वांत अवघड. ते इतक्या वेगाने धावतात की स्वरयंत्र मिटण्यापूर्वीच त्याच्या दाराशी पोचतात. आंबील किंवा दाटसर पेज सावकाश सरकते, घशाला सवड मिळते. मात्र ज्याच्या घशात जोर उरलेला नाही, त्याच्या घशात दाट पदार्थ चिकटून बसतो. तेव्हा एकाचा पथ्याचा कागद दुसऱ्याच्या उपयोगाचा नाही.

यासाठी बेरियम मिसळलेले घोट देऊन गिळण्याचे क्ष-किरणांनी चलच्चित्र घेतात. कारण अन्न श्वासनलिकेत उतरूनही काहींना ठसका लागत नाही. किरणोपचारांनी तिथली जाणीवच बोथट झालेली असते. "खोकले नाहीत, म्हणजे सोसले," असे घरच्यांनी मानावे आणि फुप्फुसदाह व्हावा, असे होऊ शकते.

गुरुजींना वाचोपचारतज्ज्ञ बाईंनी एक रीत शिकवली: श्वास घ्या, रोखून धरा, गिळा, लगेच खोका, पुन्हा गिळा आणि मगच श्वास घ्या. प्रारंभ दिवसाला पाच चमच्यांनी. (ही रीत त्यांच्या चित्रावरून ठरवलेली होती, ऐकीव माहितीवरून कोणी घरी करू नये.) पुढे गाळलेले मुगाचे वरण, घोटलेले दही, मग तूप घातलेला मऊ भात. कोरडी भाकरी, पोहे, चिवडा लाळेवाचून उतरत नाहीत. फोडींचा रस्साही फसवा, कारण एकाच घासात दोन वेग. फोड चावेपर्यंत रस पुढे निघून जातो.

याहून अवघड गोष्ट पंगतीची. वाटीभर भाताला गुरुजींना पाऊण तास लागे. मंडळी उठून जात, आणि मागे एकटे खोकत बसण्याची त्यांना लाज वाटे. शेवटी त्यांच्या पत्नीने आपले ताट त्यांच्याबरोबर घेण्यास सुरुवात केली आणि तीही सावकाश जेवू लागली. तोंडाने पुरेसे अन्न जाऊ लागून वजन काही आठवडे टिकलेले पाहिल्यावर, आठव्या महिन्यात डॉक्टरांनी नळी काढली. चहा ते आता घेतात. चमच्याचमच्याने, आणि तो संपेपर्यंत समोरच्याला एक शब्द बोलू देत नाहीत.