पुरुषाच्या गळ्यातला बाईचा सूर

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर बालगंधर्व रंगमंदिर आहे, १९६८ साली सुरू झालेलं. ते ज्यांच्या नावाने आहे ते नारायण श्रीपाद राजहंस स्त्रीभूमिका करून गाजले. शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू. त्यांची नेसण्याची तऱ्हा पाहून चांगल्या घरच्या बायका तशा नटायच्या. आम्हाला याचंच नवल वाटतं, की नटावं कसं हे बायका पुरुषाकडून शिकल्या!

परदेशातही असे गायक आहेत. तिकडे अख्खं नाटक गाण्यात चालतं, त्याला ऑपेरा म्हणतात. त्यात बाईच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषाला म्हणतात काउंटरटेनर. आपण बोलतो तेव्हा गळ्यातले स्वरतंतू पुरते थरथरतात. हा गायक ते ताणून धरतो आणि नुसत्या कडा थरथरवतो. घरातला एखादा पुरुष बाईची नक्कल करताना काढतो ना, तोच बारीक आवाज, पण वर्षानुवर्षं रियाज करून भरदार केलेला. बालगंधर्वांचं तसं नव्हतं. ते आपल्या मूळच्या आवाजातच गात. भास्करबुवा बखल्यांची तालीम मिळालेली होती.

काउंटरटेनरला भूमिका कुठून मिळतात? तीनशे वर्षांपूर्वी रोममध्ये बायकांना रंगमंचावर मनाई होती. म्हणून गोड गळ्याच्या मुलांचं वयात येण्याआधीच खच्चीकरण करत, आवाज फुटू नये यासाठी. ऐकूनच अंगावर काटा येतो. हे गायक पुढे पुरुषांच्या भूमिकाही करत. हँडेल या संगीतकाराने १७२४ साली सीझरची गाणी अशाच गायकासाठी रचली. ती प्रथा गेली, भूमिका उरल्या. आज त्या काउंटरटेनर गातात, नाहीतर बायका. नवीनही रचल्या जातात. ब्रिटन यांनी १९६० साली पऱ्यांच्या राजाला हा आवाज दिला, तर ग्लास यांनी १९८४ साली इजिप्तच्या राजाला.

आपल्याकडे मुलांना इजा झाली नाही, पण मुळात अडचण तीच. घरंदाज बाईने तोंडाला रंग लावायचा नाही. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून मैफली केल्या, १९२९ साली भावंडांना घेऊन नाटक मंडळीही काढली आणि स्वतः नायिका झाल्या. बालगंधर्वांच्या उतारवयात त्यांच्याच मंडळीत गोहरबाई कर्नाटकी नायिकेची कामं करू लागल्या.