पडद्यावरील पाठ आणि शिक्षक

१ ऑगस्ट १९७५ रोजी भारतात उपग्रहाद्वारे शिक्षण देण्याचा एक मोठा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून राजस्थान, बिहार, ओडिशा, मध्य प्रदेश, आंध्र प्रदेश व कर्नाटक येथील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचली. सकाळची साडेबावीस मिनिटे शाळकरी मुलांची. वर्षभराने प्रयोग संपला.

यंत्राचे कौतुक पुष्कळ झाले, आणि ते रास्तही होते. परंतु पडद्याला समोरचे मूल दिसत नाही. चुंबक लोखंडाचा कीस ओढतो, हे तो सुरेख दाखवील. पितळेची किल्ली का चिकटत नाही, असे एखाद्या मुलीने विचारले, तर तो थांबावयाचा नाही. आजचा पडदा बोटाच्या स्पर्शाने थांबतो खरा. पण केव्हा थांबवावयाचा, हे मुलांचे चेहरे वाचणाऱ्यालाच कळते. पाठापूर्वी कुतूहल जागे करावे, पाठ संपताच खरा चुंबक मुलांच्या हाती द्यावा, कोणाला काय उमगले ते हळूच चाचपावे, हे काम शिक्षकाचेच.

प्रयोगाची आखणी करणाऱ्यांनी हे ओळखले होते. त्याच उपग्रहाच्या साहाय्याने, नभोवाणी, छापील साहित्य व प्रत्यक्ष कृती यांची जोड देऊन, त्यांनी हजारो प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षण दिले.